झिजलेल्या नाण्यांची किंमत : अमेरिकेच्या निकेलपासून चांद्याच्या निधीपर्यंत

१/
माजरी म्हटले की कोळशाच्या खाणी आणि रेल्वेचे जंक्शन आठवते. याच भद्रावती तालुक्यात विजासन टेकडीतील बौद्ध लेणी आहेत. जुन्या चांदा जिल्ह्याच्या या भूमीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सातवाहन नाण्यांचा एक निधी दिला. आजच्या बाजारी प्रतवारीत त्यासारखी बहुतेक नाणी तळाला जातील. इतिहासाच्या दृष्टीने मात्र ती अमोल आहेत. असे का?

२/
आधी प्रतवारी म्हणजे काय ते पाहू. १९४९ साली विल्यम शेल्डन या अमेरिकी संग्राहकाने जुन्या तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० अशी श्रेणी मांडली. कसेबसे ओळखू येणारे नाणे १, निर्दोष नाणे ७०. पुढे हीच पद्धत इतर नाण्यांनाही लागू झाली. तिचा पाया एकच : नाणे जितके कमी वापरले गेले, तितकी त्याची प्रत उंच.

३/
या पद्धतीचे उत्तम उदाहरण म्हणजे अमेरिकेचे पाच सेंटचे नाणे, अर्थात ‘निकेल’. नाव निकेल असले तरी त्यात ७५ टक्के तांबे असते. वजन ५ ग्रॅम. १९१३ ते १९३८ या काळातील निकेलवर एका बाजूस मूलनिवासी पुरुषाचे मुख, दुसऱ्या बाजूस गवा. वर्षाचे आकडे मात्र खांद्याच्या उंचवट्यावर कोरलेले. त्यामुळे हातोहाती फिरताना सर्वप्रथम सालच पुसले जाई.

४/
अशा नाण्यावर रसायन लावले की पुसलेले साल अंधूकपणे उमटते. पण पृष्ठभाग कायमचा खरवडला जातो. साल कळते, आणि जाणकार संग्राहकाच्या लेखी नाण्याची किंमत उतरते. धातूवरील मूळ थर एकदा गेला की तो परत येत नाही, हा धडा जगभरच्या संग्राहकांनी असाच शिकला.

५/
आता चांद्याकडे येऊ. येथील सातवाहन नाणी पोटिनची, म्हणजे तांबे, कथील आणि शिसे यांच्या मिश्रधातूची. एका बाजूस सोंड उंचावलेला हत्ती व त्याभोवती ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख. दुसऱ्या बाजूस चार वर्तुळे जोडणारे ‘उज्जयिनी चिन्ह’. या निधीत पुळुमावी, यज्ञ सातकर्णी अशा राजांची नावे वाचली गेली. १९०८ साली रॅप्सन यांनी ब्रिटिश म्युझियमच्या सूचीत या निधीची दखल घेतली.

६/
अडचण अशी की ठसा मोठा आणि नाण्याचा तुकडा लहान. त्यामुळे पूर्ण लेख एका नाण्यावर क्वचितच मावतो. एकावर ‘सिरि’, दुसऱ्यावर ‘यञ’, तिसऱ्यावर ‘सातकणिस’. अभ्यासक अशी अनेक नाणी शेजारी ठेवून राजाचे नाव जुळवतो. म्हणूनच तुटके, झिजलेले नाणेही टाकाऊ ठरत नाही. हवे असलेले एखादे अक्षर नेमके त्याच्यावरच असू शकते.

७/
याचा मोठा पुरावा विदर्भातच आहे. १९३९ साली तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे पोटिन नाण्यांचा मोठा निधी सापडला. वा. वि. मिराशी यांनी तो अभ्यासला. त्यातून कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी हे राजे पुढे आले. पुराणांतील वंशावळींत ही नावे नाहीत. ओबडधोबड नाण्यांनी विस्मृतीत गेलेले राजे परत दिले.

८/
नाशिकजवळच्या जोगळटेंभीचा निधी तर याहून बोलका. १९०६ साली तेथे क्षत्रप नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली. त्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. प्रतवारीच्या नियमाने ही ‘बिघडलेली’ नाणी. पण नहपानाच्या मुद्रेवर उमटलेला तो ठसा हाच सत्तांतराचा पुरावा आहे. घासून गुळगुळीत केला असता, तर एका विजयाची साक्ष पुसली गेली असती.

९/
निधीचे खरे मोल त्यातील नाणी एकत्र असण्यात आहे. कोणत्या राजाची किती नाणी, कोणत्या भांड्यात, कोणत्या गावी, यावरून निधी केव्हा पुरला गेला याचा अंदाज बांधता येतो. चार चमकदार नाणी एकाने नेली, उरलेली वितळवली, की हा हिशेब कायमचा संपतो. म्हणून १८७८ चा निखात निधी कायदा महत्त्वाचा : जमिनीत दडलेला, १० रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. त्याच कायद्यात शोधणाऱ्याच्या हक्काचीही तरतूद आहे.

१०/
नाणी जमवणाऱ्या प्रत्येकाने तीन गोष्टी पाळाव्यात. चिंच, लिंबू, राख यांनी नाणे घासू नये. नाणे कोठून आले ते त्याच्यासोबत लिहून ठेवावे. आणि सापडलेला निधी विखरू देऊ नये. प्रत ठरवणारा नाण्याचा चेहरा पाहतो. इतिहासकाराला त्याचे गावही लागते. माजरी–भद्रावतीसारख्या भागात, जिथे जमीन रोज उकरली जाते, तिथे हे भान अधिकच हवे.