जीएसटीचा दर बदलला की बिलिंग सॉफ्टवेअर का अडतं? सीमाभागातील दुकानदारांसाठी माहिती

हुमनाबाद : २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक मालासाठी गेले. साबण, शाम्पू १८ वरून ५ टक्क्यांवर आले, तूप १२ वरून ५ वर, सिमेंट २८ वरून १८ वर. रात्री शटर ओढलं, सकाळी उघडलं तर निम्म्या दुकानाचे दर वेगळे. बिलिंगचं सॉफ्टवेअर कसं बांधलंय, ते अशाच दिवशी कळतं.

ज्यात दर प्रोग्राममध्येच पक्का बसवलेला असतो, तिथे प्रत्येक बदलाला इंजिनिअरला फोन. बरं सॉफ्टवेअर दर वेगळ्या तक्त्यात ठेवतं आणि त्यापुढे 'कधीपासून लागू' ही तारीख. नवा दर टाकताना जुना पुसायचा नाही. ऑगस्टमध्ये विकलेला माल ऑक्टोबरमध्ये परत आला, तर क्रेडिट नोट जुन्याच दराने निघते.

पण नुसती तारीखही पुरत नाही. तूरडाळीचंच घ्या, या भागाचा हक्काचा माल. कलबुर्गीच्या तूरडाळीला जीआय मानांकनही आहे. २०१७ मध्ये डाळीवर कर लागायचा तो नोंदणीकृत ब्रँड बघून. १८ जुलै २०२२ पासून प्रश्नच बदलला. पाकीट लेबल लावून बंद केलंय का, आणि वजन २५ किलोपर्यंत आहे का? असेल तर ५ टक्के, सुट्या डाळीला शून्य. 'ब्रँड आहे की नाही' एवढाच रकाना असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये मग दर बदलून भागत नाही, नवे रकानेच लागतात.

सीमेवर त्यात आणखी भर. उमरग्याच्या व्यापाऱ्याचा राज्य कोड २७, म्हणून आयजीएसटी. कलबुर्गीचा २९, म्हणून सीजीएसटी-एसजीएसटी निम्मे निम्मे. जहिराबादचा ३६, पुन्हा आयजीएसटी. हे कारकुनाच्या आठवणीवर सोडू नये; जीएसटी क्रमांकाच्या पहिल्या दोन अंकांवरून सॉफ्टवेअरनेच सुचवावं. ई-वे बिलाची मुदतही बदललेली आहे. आधी दर १०० किलोमीटरला एक दिवस मिळायचा, १ जानेवारी २०२१ पासून २०० ला.

वार्षिक देखभालीचे पैसे भरण्याआधी एक करून बघावं. बॅकअप घेऊन, चाचणीसाठी वेगळी कंपनी उघडून, एकाच साबणाची दोन बिलं काढावीत, २१ आणि २२ सप्टेंबर २०२५ च्या तारखेची. पहिल्यावर १८ टक्के, दुसऱ्यावर ५ आले पाहिजेत.