वेड, डभोली, सिंगणपोर: कतारगामच्या सायकलवाटा



ओळखीच्या एका ताईंनी परवा विचारलं, "नातवाला सायकल शिकवायची आहे. सुरतेत सपाट, गाड्या नसलेला रस्ता उरलाय का हो कुठे?" सपाट म्हणाल तर अख्खी सुरत सपाट आहे. गाड्या नसलेला म्हणाल तर मात्र थोडा इतिहास सांगावा लागेल. आणि तो मी कतारगामचाच सांगणार, कारण माझं सगळं आयुष्य तिथेच गेलं.

आधी सपाटीचं. सुरत समुद्रसपाटीपासून जेमतेम 13 मीटर उंचीवर आहे. ही जमीन तापीने आणून टाकलेल्या गाळाची. तापी येते खानदेशातून, अमळनेर-शिरपूरच्या मधून. म्हणजे कतारगामची सुपीक जमीन ही थोडीफार आपल्या मुलखाचीच माती, असं आमचे अण्णा गंमतीने म्हणायचे. चढ नाही, उतार नाही. गिअरची सायकल ज्या काळात कुणी पाहिलीही नव्हती, त्या काळात इथला माणूस पोतंभर सामान कॅरिअरवर बांधून बिनधास्त पॅडल मारत जायचा.

त्या मातीमागून माणसंही आली. एकोणिसावं शतक संपता संपता ताप्ती व्हॅली रेल्वे झाली आणि सुरत, सोनगड, नवापूर, नंदुरबार, अमळनेर एका रुळावर आले. 1 मे 1960 पर्यंत तर सुरत आणि धुळे-जळगाव एकाच मुंबई राज्यात होते. अण्णा 1962 साली आले, अमळनेर तालुक्यातून, एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन. अश्विनीकुमार रोडला लूम्सच्या खात्यात नोकरी लागली, आणि कतारगामात एक खोली भाड्याने मिळाली. आमच्या गल्लीत तेव्हा मराठी घरं तीन.

गावांच्या नावांनी सुरुवातीला आपल्या लोकांची फार करमणूक व्हायची. शेजारचं गाव वेड. "कुठे राहता?" "वेडला." मग गावाकडून पत्र यायचं, "अरे, नीट जागा बघ!" सिंगणपोरचं आईने पहिल्याच आठवड्यात शिंगणापूर करून टाकलं आणि शनिवारी तिकडे हात जोडायला लागली. डभोली तेवढी बिचारी जशीच्या तशी राहिली.

तेव्हाचं कतारगाम म्हणजे खरंच गाव. आज हिऱ्याची घंटी जिथे फिरते, तिथे वाड्या होत्या. कतारगामच्या पापडीचं नाव सगळ्या सुरतेत होतं. थंडीत उंधियू करायचं तर पापडी कतारगामचीच हवी, असा सुरती माणसाचा हट्ट. पहाटे पापडीची पोती सायकलवर लादून माळी मंडळी बाजाराला निघायची. त्या वाड्यांमधून जाणाऱ्या मातीच्या वाटा, दोन्ही बाजूंनी काटेरी कुंपण, हीच आमची पहिली सायकलवाट. नळीखालून पाय घालून मी तिथेच सायकल शिकलो. पडलो तरी खाली मऊ माती.

अण्णांची सायकल अॅटलस होती. सोनिपतच्या या कारखान्यातून 1951 पासून सायकली निघत होत्या आणि कामगाराच्या घरात ती जवळजवळ दागिन्यासारखीच जपली जायची. खात्यात बारा तासांची पाळी. एक आठवडा दिवस, एक आठवडा रात्र. रात्रपाळीला जाताना डायनॅमोचा तो घर्रर्र आवाज दूर जाईपर्यंत आई दारात उभी असायची. धोका काय तर कुत्र्यांचा. गाडीखाली सापडण्याची भीती तेव्हा तिच्या डोक्यातही नव्हती. आकडे बघा म्हणजे कळेल: 1961 च्या जनगणनेत सुरतेची वस्ती 2 लाख 88 हजार. 2011 साली 44 लाख 67 हजार. रस्ते तेवढ्या पटीने रुंद झाले नाहीत, आणि झाले ते सायकलवाल्यासाठी झाले नाहीत.

इथे मुद्द्यावर येतो. कतारगामला मोकळ्या वाटा मिळाल्या त्या कुणी सायकलसाठी आखून दिल्या नाहीत. प्रत्येक वाट दुसऱ्याच कशातून तरी निघाली, बहुतेक वेळा संकटातून.

1968 च्या ऑगस्टमध्ये तापीला महापूर आला. तेव्हा उकाई धरण व्हायचं होतं, ते पूर्ण झालं 1972 ला. नदीकाठाने पुरापासून बचावासाठी मातीचे बांध घातले गेले. आपण सगळे त्याला पाळा म्हणतो. बांध होता पाण्यासाठी, पण त्याचा माथा सपाट, एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला वाड्या. रविवारी अण्णा मला पुढे नळीवर बसवायचे, आई मागे कॅरिअरवर, आणि आम्ही पाळ्यावरून फिरून यायचो. नदीला तेव्हा भरती-ओहोटी असायची. पाणी कधी काठापर्यंत, कधी नुसता चिखल. पलीकडे रांदेर दिसायचं, पण तिथे जायचं तर थेट चौकापर्यंत येऊन 1877 च्या होप पुलावरून वळसा.

सप्टेंबर 1994. प्लेगचं नाव काढलं की आजही आमच्याकडे आवाज खाली येतो, कारण सगळ्या देशाच्या वर्तमानपत्रांत जो भाग गाजला तो आमचा वेड रोड. त्याच्या थोडं आधी पुराचं पाणी येऊन गेलं होतं, सखल वस्त्यांत कचरा आणि मेलेली जनावरं कुजत होती. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून संपल्या. लाखो लोक शहर सोडून गेले. बहिणीला आणि आईला मी सायकलनेच दोन खेपा करून स्टेशनला पोचवलं, भुसावळ पॅसेंजरमध्ये कोंबलं आणि परत आलो, कारण अण्णा घर सोडायला तयार नव्हते. परत येताना कतारगाम दरवाज्यापासून घरापर्यंत रस्त्यावर एक वाहन नव्हतं. इतका मोकळा रस्ता मी आयुष्यात पाहिला नव्हता. तसा मोकळा रस्ता कुणाला न मिळो.

पुढच्याच वर्षी, 1995 ला, सिंगणपोर आणि रांदेरच्या मध्ये नदीवर बंधारा झाला आणि त्याच्यावरून रस्ता. आपला कॉझवे. हेतू होता भरतीचं खारं पाणी अडवायचा आणि वरच्या अंगाला पिण्याचं गोडं पाणी साठवायचा. पण त्यामुळे कतारगामच्या उशाला एक तलावच तयार झाला. चिखलाच्या जागी बारा महिने पाणी आलं. होप पुलाचा वळसा गेला. सुरुवातीच्या वर्षांत पहाटे साडेपाचला कॉझवेवर सायकल घातली की डाव्या हाताला बंधाऱ्यावरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज आणि उजव्या हाताला थंडीत धुकं धरलेलं शांत पाणी. आज तिथे सकाळ-संध्याकाळ दुचाकींची रांग असते, तलावात जलपर्णी माजते, आणि पावसाळ्यात पाण्याची पातळी 6 मीटरच्या वर गेली की कॉझवे सगळ्यांनाच बंद होतो.

पलीकडच्या काठाने मात्र अजून वाट आहे. रांदेर, जहांगीरपुरा मागे टाकून ओलपाडचा मोठा रस्ता सोडला आणि आत वळलं, की काकरापारच्या उजव्या पाटाचं पाणी फिरवणाऱ्या शाखा लागतात. पाटाच्या कडेने देखभालीसाठी ठेवलेले रस्ते, भात आणि उसाची शेतं, गावोगावी पिंपळाखाली एक तळं आणि त्यात डुंबणाऱ्या म्हशी. चढ शून्य. मुलांना, पन्नाशी-साठीच्या माणसांना याहून सोपी वाट नाही. फक्त साखर कारखान्यांचा हंगाम असेल तेव्हा उसाच्या ट्रकचे रस्ते टाळा. त्या दिवसांत शेताच्या कडेला पालं दिसतात. थांबून बोला. नवापूर, नंदुरबार, धुळ्याकडून आलेले कोयत्याचे मजूर असतात पुष्कळदा. अहिराणी ऐकू येते. आपण ज्या पाटाच्या कडेला हवा खायला जातो, तिथेच आपल्या मुलखातलं माणूस ऊस तोडत असतं.

2006 च्या ऑगस्टमध्ये उकाईतून 9 लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं आणि बहुतेक सुरत बुडाली. आमचा तळमजला गेला. अण्णांची अॅटलस चार दिवस गाळात होती. धुतली, चेनला तेल घातलं, चालू! दुकानातली नवी मोटारसायकल मात्र भंगारात गेली. अण्णा तेव्हा सत्तरीचे होते, तरी दूध आणायला तीच सायकल काढायचे. सोनिपतच्या कंपनीने साहिबाबादचा आपला कारखाना 3 जून 2020 ला बंद केला. त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता. ती बातमी वाचायला अण्णा नव्हते, बरं झालं.

काहीजण म्हणतात, ते हॉलंडचं ठीक आहे, तिथे जमीन सपाट. अहो, सपाट तर आपलीही आहे! आणि हॉलंडमध्येही आधी मोटारींनी सायकली रस्त्यावरून हुसकल्याच होत्या. 1971 या एका वर्षात तिथे रस्त्यावर 3000 हून जास्त माणसं मेली, त्यात 400 च्या वर मुलं. आईबाप रस्त्यावर उतरले. 1973 च्या नोव्हेंबरात तेलाची टंचाई आली, सरकारने रविवारी मोटारी बंद ठेवल्या, आणि लोकांनी मोकळे रस्ते डोळ्यांनी पाहिले. म्हणजे संकट तिथेही आलंच. फरक एवढाच की त्यांनी संकटात मिळालेली मोकळी वाट नंतर मागून घेतली. आपण प्लेग पाहिला, पूर पाहिला, 2020 चा लॉकडाऊन पाहिला, आणि दर वेळी रस्ता परत गाड्यांना देऊन टाकला.

हे मी फक्त हौशी फिरणाऱ्यांसाठी लिहीत नाही. आपली बहुतेक घरं आता फ्लॅटमध्ये गेली, दारात मोटार आली, सायकल व्यायामाची वस्तू झाली. पण लिंबायत, डिंडोली, उधना, पांडेसरा या भागांतून सकाळी सातला पाळी बदलते तेव्हा बघा. डबा हँडलला अडकवून निघालेला तो मुलगा पन्नास वर्षांपूर्वीचे अण्णाच आहेत. फक्त अण्णांना कुत्र्याची भीती होती आणि याला टँकरची. नदीकाठाची वाट आपल्याला रविवारसाठी हवी आहे, त्याला सोमवारसाठी.

म्हणून दोन गोष्टी सुचवतो. पाळा, नदीकाठ, पाट यांबद्दल नगरसेवकांशी बोलणं होईल तेव्हा बागेसोबत सायकलची वेगळी वाटही मागा, आणि ती वाट वस्तीपासून कामापर्यंत जाईल अशी मागा. नुसती बागेला फेरी मारणारी नको.

आणि दुसरी गोष्ट: ज्यांच्या घरी जुनी सायकल अजून असेल, तिच्यावरून कोण कुठून कुठे कामाला जायचं, कुठल्या वाटेने, किती वाजता, ते वडीलधाऱ्यांना विचारून लिहून काढा. उधना, नवागाम, भेस्तान, जिथलं असेल तिथलं. आपले लोक या शहरात कुठल्या रस्त्याने आले आणि गेले, ते आपण नाही लिहिलं तर दुसरं कोण लिहिणार?