श्रोडिंगरचे मांजर, विग्नरचा मित्र आणि नागार्जुन

क्वांटम भौतिकशास्त्राचे गणित जगभर एकच आहे. त्या गणिताचा अर्थ काय, यावर मात्र शंभर वर्षांनंतरही एकमत नाही. हा वाद उलगडण्यासाठी शास्त्रज्ञांनी डोक्यात करून पाहिलेले प्रयोग म्हणजे विचारप्रयोग. ‘बुद्धाने हे अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगितले’ असे फॉरवर्ड आपल्या ग्रुपवर फिरतात आणि ‘क्वांटम हीलिंग’ची शिबिरे पैसे घेऊन भरतात, म्हणून हा विषय आपल्याला माहीत हवा.

मूळ अडचण भोसरी-चाकणच्या क्यूसीत काम करणाऱ्याला चटकन कळेल. शाफ्टला मायक्रोमीटर लावला आणि २५.०२ मिलिमीटर आले, तर मोजण्याआधीही व्यास तेवढाच होता असे आपण धरून चालतो. इलेक्ट्रॉनबाबत असे सरळ धरता येत नाही. मोजण्याआधी समीकरण अनेक शक्यतांची मिश्र अवस्था सांगते, मोजल्यावर उत्तर एकच मिळते. मधे काय घडले, हा प्रश्न आहे.

१९३५ साली एर्विन श्रोडिंगर यांनी बंद पेटीतले मांजर मांडले. किरणोत्सारी अणू फुटला तर विषाची कुपी फुटेल, नाहीतर नाही. समीकरण शब्दशः घेतले, तर पेटी उघडेपर्यंत मांजर जिवंत आणि मृत यांच्या मिश्र अवस्थेत असते. हा विचार किती विचित्र ठरतो, हे दाखवायला त्यांनी ते उदाहरण दिले होते. फॉरवर्डमध्ये ते नेमके उलटे, चमत्कार म्हणून येते.

यूजीन विग्नर यांनी १९६१ मध्ये मांजराच्या जागी माणूस ठेवला. समजा, बंद खोलीत मित्राने मोजमाप घेतले. त्याच्यापुरता निकाल लागला. बाहेर उभ्या सुपरवायझरच्या समीकरणात मात्र मित्रासकट सगळी खोली अजून मिश्र अवस्थेतच आहे. मग खरे कोणाचे?

विग्नर यांचे तेव्हाचे उत्तर होते, जाणीव आली की निकाल लागतो. ‘मनाने वास्तव घडते’ म्हणणाऱ्यांचा सगळा डोलारा यावरच उभा आहे. पण पुढे विग्नर यांनी स्वतःच हे मत सोडले. आसपासच्या हवेचे रेणूही मिश्र अवस्था विस्कटून टाकतात, त्याला कोणाचे मन लागत नाही. इतर उत्तरेही आहेत. डेव्हिड बोम (१९५२) म्हणतात, कणाला जागा कायम असते, त्याला वाट दाखवणारी लाट असते. ह्यू एव्हरेट (१९५७) यांच्या मते सर्व शक्यता घडतात, वेगवेगळ्या शाखांत.

कार्लो रोव्हेली यांचे उत्तर (१९९६) आपल्या कानांना ओळखीचे वाटते: दोघेही बरोबर, कारण वस्तूचे गुणधर्म दुसऱ्या वस्तूशी असलेल्या संबंधातच असतात. २०२० च्या ‘हेल्गोलँड’ पुस्तकात त्यांनी नागार्जुनाच्या मूलमध्यमककारिकेबद्दल आवर्जून लिहिले. दलाई लामांनी १९९७ मध्ये धर्मशाळेत भौतिकशास्त्रज्ञ अँटोन झाईलिंगर यांच्याशी चर्चा केली, तीही संवाद म्हणूनच.

साम्य आहे, ते नाकारायचे कारण नाही. पण नागार्जुन इलेक्ट्रॉनबद्दल बोलत नव्हता, दृष्टीला चिकटून राहण्याबद्दल आणि दुःखाबद्दल बोलत होता. शिवाय रोव्हेली यांचे मत हे अनेक अर्थांपैकी एक आहे. प्रतीत्यसमुत्पादाला त्याचा टेकू दिला आणि उद्या तो अर्थ मागे पडला, तर धम्मही मागे पडला म्हणायचे का? १९५४ साली देहूरोडला बुद्धमूर्ती बसवणाऱ्या बाबासाहेबांनी बुद्धवचनाची कसोटी म्हणून बुद्धी आणि तर्क सांगितला, प्रयोगशाळेचा शिक्का नव्हे.

यातले सगळेच वाद कायम कल्पनेत राहतात असे नाही. जॉन बेल यांनी १९६४ मध्ये एक असमानता मांडली आणि स्थानिक, आधीच ठरलेल्या गुणधर्मांची कल्पना प्रयोगाने तपासता आली. ती टिकली नाही. त्या कामासाठी अस्पे, क्लाउझर आणि झाईलिंगर यांना २०२२ चे नोबेल मिळाले. बोम आणि एव्हरेट यांच्यात कोण खरे, हे मात्र या प्रयोगांनी ठरत नाही.

ज्यांना यात खोलवर जायचे आहे, त्यांच्यासाठी पाषाणची आयसर संस्था पिंपरीपासून फार लांब नाही. तिथे क्वांटम तंत्रज्ञानावर संशोधन चालते आणि बारावी विज्ञाननंतर आयसर अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट देऊन प्रवेश मिळतो.