‘थांबा’ म्हणणाऱ्यांचा इतिहास

गेल्या महिन्यात आमच्या बार रूममध्ये चहावर वाद रंगला. विषय, समलिंगी विवाह. ज्यांच्या हाताखाली मी वकिली शिकलो ते सर ठामपणे म्हणाले, "अरे, लग्न ही हजारो वर्षांची संस्था. तिची व्याख्या काय पाच न्यायाधीश बदलणार? समाज तयार झाला की संसद बघेल. तोवर थांबावं." सरांना मी तोंडावर उलट बोलत नाही. पण ते ‘थांबावं’ डोक्यातून जाईना, म्हणून ही पोस्ट. लांब आहे, सवडीनं वाचा.

डोक्यातून न जायला कारणही होतं. त्याच आठवड्यात दोघीजणी माझ्या ऑफिसात आल्या होत्या. एक सरकारी नोकरीत, दुसरीची खानावळ. सतरा वर्षं एका घरात राहतात. शेजारी मैत्रिणी समजतात. फ्लॅट एकीच्या नावावर, कर्जाचे हप्ते दोघींनी मिळून फेडलेले. प्रश्न साधा होता, "वकीलसाहेब, आमच्यातल्या एकीला काही झालं तर दुसरीचं काय?" उत्तर शेवटी सांगतो. आधी सरांची ‘हजारो वर्षं’ बघू.

आज आपल्यातले बहुतेक हिंदू ज्या कायद्यांखाली लग्न करतात, ते १९५४ आणि १९५५ सालचे आहेत. त्याआधीच्या शंभर वर्षांत विवाहाचा कायदा जवळजवळ प्रत्येक पिढीत बदलला. आणि दर वेळी ‘थांबा’ म्हणणारे होतेच.

१८५६ साली विधवा पुनर्विवाहाचा कायदा झाला. त्याच्या विरोधातल्या अर्जांवर समर्थनापेक्षा कितीतरी जास्त सह्या होत्या. नुसती डोकी मोजली असती तर तो कायदा झालाच नसता. बरं, कायदा झाला म्हणून समाज लगेच बदलला का? नाही. ३७ वर्षांनी, १८९३ मध्ये, धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, तर मुरुडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. म्हणजे सरांचं म्हणणं अर्धं खरं आहे, कायद्यानं मनं बदलत नाहीत. पण बहिष्कार टाकणाऱ्यांना ते लग्न बेकायदा ठरवता आलं नाही, हेही तितकंच खरं.

१८७२ साली नोंदणी विवाहाचा कायदा आला. त्यात अट अशी की वधूवरांनी आपण हिंदू, मुसलमान, ख्रिश्चन, पारशी वगैरे कुठलाच धर्म मानत नाही असं लिहून द्यायचं. लग्न करायचं तर आधी धर्म नाकारा! हिंदू, बौद्ध, शीख आणि जैनांना आपसातल्या लग्नासाठी ही सक्ती सुटायला १९२३ साल उजाडलं.

आता आंतरजातीय लग्नाचं बघा. अशी अनेक लग्नं, विशेषतः प्रतिलोम, कोर्टात टिकत नसत. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांनी ती वैध करणारं विधेयक मांडलं. विरोध झाला आणि विधेयक बारगळलं. १९१९ साली आपल्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी मात्र संस्थानापुरता कायदा करून अशा लग्नांना मान्यता दिली. आपण त्याचा अभिमान सांगतो, सांगायलाच हवा. पण ब्रिटिश मुलखातले लोक किती थांबले? ३१ वर्षं. हिंदू विवाह वैधता कायदा आला १९४९ साली. त्याचा आशय असा की, केवळ जात वेगळी म्हणून हिंदूंमधलं लग्न अवैध ठरणार नाही, आणि ते कधी अवैध होतं असंही मानलं जाणार नाही.

हे ‘कधी’ मला फार बोचतं. कायदा मागे वळून म्हणतो, तुमचं लग्न पहिल्यापासूनच खरं होतं. पण त्या ३१ वर्षांत जे मरून गेले, ज्यांच्या मुलांना वारस म्हणून उभं राहता आलं नाही, त्यांना हे सांगायला कोण जाणार?

इथं काहीजण म्हणतील, जातीचं वेगळं आणि हे वेगळं, हे पाश्चात्त्य खूळ आहे. त्यांच्यासाठी कर्व्यांच्याच घरातली दुसरी गोष्ट. धोंडो केशवांचे चिरंजीव रघुनाथराव मुंबईतून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढत. वाचक पत्रानं प्रश्न विचारत, त्यात समलिंगी संबंधांबद्दलचेही असत. रघुनाथरावांनी उत्तरं छापली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं एवढ्यानं ते अश्लील ठरत नाही, ही त्यांची भूमिका होती. खटला हरले, २०० रुपये दंड झाला. सांगायचा मुद्दा, नव्वद वर्षांपूर्वीही आपल्याकडचे लोक हे प्रश्न विचारत होते. बाहेरून आलं असेल तर कलम ३७७ आलं, इंग्रजांनी १८६० च्या दंड संहितेत घातलेलं. प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरतं ते सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ ला रद्द केलं.

मग १७ ऑक्टोबर २०२३ चा निकाल. पाचही न्यायमूर्तींचं एकमत झालं की संविधानात विवाह करण्याचा मूलभूत हक्क नाही, आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात न्यायालय समलिंगी विवाह बसवू शकत नाही. मतभेद पुढच्या पायरीवर झाला. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल यांच्या मते अशा जोडप्यांच्या नात्याला कायदेशीर मान्यता देणं हे सरकारचं कर्तव्य आहे. न्या. भट, कोहली आणि नरसिंह यांना ते पटलं नाही. तीन विरुद्ध दोन. अडचणी बघायला सरकारनं समिती नेमावी, एवढं ठरलं. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या.

विरोधी मत मी हसण्यावारी नेत नाही. विशेष विवाह कायद्यात नवऱ्याचं वय २१, बायकोचं १८. पोटगी, घटस्फोट यांतल्या काही तरतुदी फक्त पत्नीसाठी. एक शब्द बदलला की दहा कलमं हलतात, आणि ते काम संसदेचं, हा मुद्दा वकील म्हणून मला मान्य आहे. लग्न हा संस्कार आहे असं मनापासून मानणारे लोक माझ्या घरात आहेत, ते दुष्ट नाहीत. तिसरंही एक मत आहे, खुद्द समलिंगी चळवळीतलं. ज्या विवाहसंस्थेनं बायकांना पिढ्यान्‌पिढ्या दाबलं, तिच्यात शिरायची धडपड कशाला, असं विचारणारे तिथंही आहेत.

पण ‘संसदेचं काम’ म्हणणाऱ्यांनी एवढं सांगावं, संसदेनं ते काम हातात घेतलं आहे का? २०२४ मध्ये केंद्रानं स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारांना एका रेशन कार्डावर राहता येईल, बँकेत संयुक्त खातं काढता येईल, एकमेकांना नॉमिनी करता येईल. चांगलं झालं. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे कुठलाही वकील सांगेल.

आता त्या दोघींचं उत्तर. मी त्यांना मृत्युपत्रं करून दिली, कुलमुखत्यारपत्र करून दिलं. फी घेतली नाही, कारण काय घेत होतो तेच कळेना. मुखत्यारपत्र माणूस गेला की संपतं. मृत्युपत्राला भाऊ, पुतणे आव्हान देऊ शकतात, आणि तेव्हा कोर्टात हिला कुणी विचारलं, "तुम्ही मयताच्या कोण?", तर कायद्यात शब्द नाही. सरकारी नोकरीतली आधी गेली तर कुटुंब निवृत्तिवेतन दुसरीला मिळणार नाही, सतरा वर्षं तिचा डबा हिनंच भरला असला तरी. माझ्या पत्नीला यातलं प्रत्येक गोष्ट एका कागदावर मिळते. आमचं लग्न सतरा मिनिटांत नोंदलं गेलं होतं.

खानावळवाल्या ताई उठताना म्हणाल्या, "कायदा होईल हो कधीतरी. आमच्या वेळेला होईल का, एवढंच." त्या ५२ वर्षांच्या आहेत. १९१८ चा हिशोब लावला तर ८३ व्या वर्षी.

सर ही पोस्ट वाचतील. सर, तुम्ही थांबा म्हणालात. थांबणारे आपण नाही, त्या दोघी आहेत, एवढंच म्हणायचं होतं. तुमचं वेगळं मत असेल तर जरूर लिहा, मित्रांनो. फक्त भाषा सांभाळा, त्या दोघीही वाचणार आहेत.