हरमल : माध्यमे, ब्रँड आणि गावाची ओळख

हरमल हे गोव्याच्या पेडणे तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. दक्षिणेस मांद्रे, उत्तरेस केरी आणि त्यापलीकडे तेरेखोल नदी. पर्यटकांच्या नकाशावर व इंग्रजी लेखनात ते ‘अरंबोल’ म्हणून येते. पेडणे महाल १७८८ साली सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगिजांकडे गेला. म्हणजे तो नव्या काबिजादींतला, सोळाव्या शतकातील धर्मांतराच्या लाटेनंतरचा. येथील बहुसंख्य वस्ती हिंदू राहिली. देवळांची मानपानाची व्यवस्था, दशावतारी दहीकाला, कोजागरीला भरणारी पेडण्याची पुनव आणि मराठी वाचन-कीर्तनाची सवय ही या भागाची जुनी खूण. माउंट कार्मेल सायबिणीचे चर्च आणि ख्रिस्ती वाडेही हरमलात आहेत. पण देशभर ‘गोवा’ म्हणून जे चित्र खपते त्यात हे गाव मावत नाही. म्हणूनच माध्यमे आणि ब्रँड माणसाची व समूहाची ओळख कशी घडवतात हे तपासण्यास ते सोयीचे आहे. चित्र गावाबाहेर तयार झाले, गावात उशिरा पोचले, आणि पोचताना काय काय हलले ते वेगळे काढून पाहता येते. या नोंदीचे प्रतिपादन असे की, अशा चित्राचा खरा जोर पटवून देण्यात नसतो. ते आधी जमिनीचा, घराचा आणि हंगामाचा भाव बदलते. स्वतःविषयीची समजूत त्या भावामागून चालत येते.

गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ रोजी. त्यानंतर १२ वर्षांच्या आत, १९७३ साली, राज कपूर यांच्या ‘बॉबी’ने देशाला एक गोवेकर दाखवला: ख्रिस्ती, कोळी, दिलदार आणि दारूचा शौकीन. पुढच्या हिंदी चित्रपटांनी हाच साचा वापरला. २००१ च्या ‘दिल चाहता है’ने त्यात एक बदल केला. तेव्हापासून गोवेकर पडद्याच्या कडेला गेला आणि मध्यभागी महानगरातून सुटीला आलेले तरुण मित्र आले. आता शापोऱ्याच्या किल्ल्यावर लोक चढतात ते त्या मित्रांसारखे बसायला. २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत भरतो, २००७ साली कांदोळीच्या किनाऱ्यावर ‘सनबर्न’ हा संगीत महोत्सव सुरू झाला, आणि मौजेचा प्रदेश ही गोव्याची छाप पक्की झाली. या सगळ्या काळात पेडण्याचा माणूस हे चित्रपट पाहतच होता. त्याने टाळ्याही वाजवल्या असतील, पण तो ते पाहून बॉबीच्या बापासारखा वागू लागला नाही. माध्यमे सांगतील तसे लोक होतात, हे म्हणणे खरे असते तर पेडण्यात गेल्या ५० वर्षांत पुनवेची गर्दी ओसरायला हवी होती. ती ओसरलेली नाही.

बदल आला तो दुसऱ्या वाटेने. कळंगुट आणि हणजूण गजबजल्यावर शांत किनारा शोधणारे परदेशी भटके शापोरा नदी ओलांडून उत्तरेला सरकले. हरमलला समुद्राच्या अगदी लगत गोड्या पाण्याचे तळे आहे, ते त्यांना भावले. खालचा वाडा आणि गिरकरवाडा या वस्त्यांत घराची एखादी खोली भाड्याने जाऊ लागली, मग पडवी, मग मागच्या परसात नव्या खोल्या उठल्या. आज किनाऱ्याकडे जाणाऱ्या गल्लीला प्रवासवर्णनांत ‘ग्लॅस्टनबरी स्ट्रीट’ म्हणतात, आणि इंग्लंडमधल्या संगीतमेळ्याचे हे नाव लोकांच्या पत्त्यांतही शिरले आहे. खाद्ययादीत शक्षुका व हम्मस आहे, पाट्यांवर रशियन अक्षरे दिसतात, आणि कित्येक शॅकच्या फलकावर धन्याच्या नावापेक्षा बिअर कंपनीचे नाव ठसठशीत असते. संध्याकाळी वाळूत जमणारे ढोलवाल्यांचे कोंडाळे, म्हणजे ड्रम सर्कल, हा आता हरमलचा जगभरचा शिक्का. त्यात ढोल वाजवणारा बहुधा बाहेरचा असतो आणि स्थानिक माणूस खोलीचा मालक, दुकानदार किंवा टॅक्सीवाला म्हणून भोवती उभा असतो. पर्यटनाचे अभ्यासक जॉन अरी यांनी १९९० साली ‘पर्यटकाची नजर’ ही कल्पना मांडली: प्रवासी पाहण्याआधीच काय पाहायचे ते शिकून येतो, आणि जागा त्या नजरेबरहुकूम सजते. हरमलपुरती त्यात एवढीच भर घालावी लागेल की सजावटीला पैसे लागतात. ज्याच्याकडे किनाऱ्यालगत जमीन आहे त्यालाच ती परवडते आणि त्याचीच ओळख आधी बदलते. डोंगरकुशीतल्या वाड्यावरचा शेजारी त्याच पंचायतीत राहून जुन्याच पत्त्यावर असतो.

भाव आधी आणि ओळख मागून, या प्रतिपादनाला पहिला गंभीर आक्षेप गोव्याच्याच इतिहासातून येतो. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात १,७२,१९१ मते गोव्याने वेगळे राहावे या बाजूने पडली आणि १,३८,१७० महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूने. ही लढाई वृत्तपत्रांतून लढली गेली, आणि गंमत म्हणजे दोन्ही बाजूंची प्रमुख पत्रे मराठीच होती: विलीनीकरणाच्या बाजूने ‘गोमन्तक’, विरोधात ‘राष्ट्रमत’. ‘राष्ट्रमत’मधील उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर त्या काळी गाजले. भाषेचे एकच माध्यम दोन परस्परविरोधी गोमंतकीय घडवत असेल, तर शब्दांची ताकद नाकारायची कशी? बेनेडिक्ट अँडरसन यांनी तर १९८३ च्या ग्रंथात राष्ट्र ही कल्पनाच छापील मजकुराच्या बाजारातून उभी राहते असे दाखवले. आक्षेप खरा आहे, पण तो अर्धवट आहे. पेडण्यासारख्या तालुक्यांतला बहुजन समाज दयानंद बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षामागे उभा राहिला, त्यामागे भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत कूळ किंवा मुंडकार (घरापुरता आश्रित) म्हणून राहण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता. विलीनीकरण म्हणजे त्या जाचातून सुटका, असे त्याचे गणित होते. अग्रलेखांनी त्या गणिताला भाषा दिली, अभिमान दिला, शत्रूचे नाव दिले. हे काम लहान नव्हे. पण ज्या घरी ते गणित नव्हते त्या घरी तेच अग्रलेख वाया गेले.

डिचोली तालुका हीच गोष्ट उलट बाजूने सांगतो. शिरगावची लईराईची जत्रा आणि मयेचे तळे सोडले तर पर्यटनाच्या जाहिरातींत डिचोलीला फारसे स्थान नाही. येथे पोट चालले ते लोहखनिजावर: खाण, ट्रक, बार्ज, गॅरेज. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मध्यंतरी पुन्हा सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीज रद्द ठरवल्यावर मार्चपासून पुन्हा बंद पडल्या. या काळात मराठी वृत्तपत्रांच्या मथळ्यांत ‘खाण अवलंबित’ हा शब्दप्रयोग रुळला आणि ट्रकमालकांपासून चहाच्या गाड्यावाल्यापर्यंत लोक मोर्चात स्वतःला तेच म्हणवू लागले. माध्यमाने दिलेले नाव येथे अंगाला चिकटले, कारण त्या नावाखाली कर्जाचा हप्ता थकलेला होता.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. लोक पर्यटकांपुढे एक सोंग वठवतात आणि घरी आपले आपण असतात. तेव्हा ओळख शाबूत आहे. अर्व्हिंग गॉफमन यांनी १९५९ साली दैनंदिन वागण्याची रंगमंचाशी तुलना करून पुढचा व मागचा भाग वेगळा केला होता. दशावताराच्या मुलखात ही उपमा कोणालाही पटेल. शिवाय दहीकाल्यांचा हंगाम आणि पर्यटकांचा सीझन एकाच थंडीत येतात आणि एकमेकांच्या आड येत नाहीत. जत्रेची वर्गणी शॅकच्या गल्ल्यातून आली म्हणून देव ती परत करत नाही. मात्र सोंग उतरवता येते, बांधकाम उतरवता येत नाही. किनारपट्टी नियमनाखाली हरमलमधील बांधकामांची प्रकरणे उच्च न्यायालयापर्यंत गेली, ती याच कारणाने. घराचा मागचा भाग एकदा भाड्याच्या खोल्या झाला की माणसाला ‘घरी’ असायला जागा कमी उरते.

ओळख भावामागून चालते हे सर्वांत स्पष्ट दिसते ते मिरचीत. हरमल मिरचीला २०२१ साली भौगोलिक चिन्हांकन मिळाले. त्याच वेळी मोयऱ्याची केळी आणि गोव्याचे खाजेही नोंदले गेले. पर्यटनाने बनवलेल्या छापेला गावाने दिलेले हे स्वतःचे उत्तर, असा त्याचा गौरव झाला, आणि तो योग्यच आहे. ‘अरंबोल’ हे नाव कोणीही कशावरही लावू शकतो; ‘हरमल मिरची’ हे नाव कायद्याने ठरलेल्या परिसरातल्या उत्पादकांचे आहे. ब्रँड समूहाच्या मालकीचा असेल तर तो ओळख पुसण्याऐवजी राखू शकतो, हा तिसरा आणि सर्वांत सकस आक्षेप. पण ही मिरची पावसाळी भात कापल्यावर, थंडीच्या तोंडावर, किनाऱ्यालगतच्या हलक्या जमिनीत लावतात आणि ती पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी करायच्या, बेगमीपर्यंत वाळून तयार व्हावी लागते. म्हणजे नेमके तेच महिने, तीच जमीन आणि तेच हात, ज्यांना पर्यटन जास्त भाव देते. रोपांना पाणी घालणारी बाई आणि खोल्या झाडणारी बाई एकच असेल, तर सीझनमध्ये ती कुठे जाईल हे सांगायला अभ्यासकाची गरज नाही. १९९९ चा भौगोलिक चिन्हांकन कायदा नावाची नक्कल रोखतो. शेताचा प्लॉट होणे रोखत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये मोपाला विमानतळाचे उद्घाटन झाल्यापासून हा दबाव तालुक्यात आतपर्यंत पोचला आहे. चिन्हांकनाची नोंदणी १० वर्षांची असते, मग तिचे नूतनीकरण करावे लागते. त्या वेळी अधिकृत वापरकर्त्यांच्या यादीत पिकवणारे किती आणि केवळ विकणारे किती, यावरून हरमलचे हे दुसरे नाव कोणाच्या हाती राहिले ते कळेल.