हॉट डॉग, दंगल आणि साठ फुटी खड्डा

ऑनसाईटच्या दिवसांतली गोष्ट. वॉशिंग्टनला आलेला प्रत्येक देशी माणूस काय करतो? व्हाईट हाऊससमोर फोटो, म्यूझियम, आणि संध्याकाळी दाल-तडका. मीही तेच केलं. मग एका शनिवारी ऑफिसमधला एक जण म्हणाला, "चल, तुला खरं शहर दाखवतो." आणि घेऊन गेला यू स्ट्रीटवर, 'बेन्स चिली बोल'मध्ये.

आत गेलो आणि थेट १९५८ सालात पोचलो! लांबलचक काउंटर, त्यापुढे गोल स्टुलं, भिंतीवर फोटोच फोटो. इथला खास पदार्थ 'हाफ-स्मोक'. हॉट डॉगचाच जाडजूड, धुरकट चुलतभाऊ. पावात सॉसेज, वर मोहरीची चटणी, कांदा आणि खिम्याचा झणझणीत घट्ट रस्सा. आपण मिसळीवर तर्री ओततो ना, अगदी तस्सं. शाकाहारी मंडळींनी हा परिच्छेद वाचलाच नाही असं समजावं :)

पण खरी चव इतिहासाची आहे. बेन अली हा त्रिनिदादहून शिकायला आलेला, भारतीय वंशाचा माणूस. त्याची होणारी बायको व्हर्जिनिया बँकेत कॅशियर. ५००० डॉलर्सच्या भांडवलावर, एका जुन्या मूकपटाच्या थिएटरच्या इमारतीत दोघांनी ऑगस्ट १९५८मध्ये दुकान टाकलं. त्या काळी यू स्ट्रीट म्हणजे कृष्णवर्णीयांचं 'ब्रॉडवे'. ड्यूक एलिंग्टन याच भागात वाढला. शेजारच्या लिंकन थिएटरमध्ये कार्यक्रम संपला की लोक इकडे खायला यायचे.

मग आला ४ एप्रिल १९६८. मेम्फिसमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि वॉशिंग्टन पेटलं. दंगलीची सुरुवात इथूनच जवळ, चौदावा रस्ता आणि यू स्ट्रीटच्या चौकातून. शेकडो दुकानं खाक झाली. शहरात कर्फ्यू लागला. पण बेनला दुकान उघडं ठेवायची परवानगी मिळाली. दुकानाच्या काचेवर 'सोल ब्रदर' लिहिलेलं. आत एकाच काउंटरवर पोलीस, अग्निशमन दलाचे लोक आणि चळवळीतले कार्यकर्ते जेवत होते. बाहेर एकमेकांसमोर उभे असलेले! विचार करा राव.

दंगलीनंतर मात्र वस्ती उतरणीला लागली. ज्यांना जमलं ते सोडून गेले, रस्त्यावर ड्रग्ज आले. आणि १९८०च्या दशकाच्या शेवटी मेट्रो! दुकानासमोरच साठ फूट खोल खड्डा. गिऱ्हाईक येणार कुठून? अलींनी नोकर जवळजवळ सगळे कमी केले, पण शटर पाडलं नाही. १९९१मध्ये स्टेशन सुरू झालं.

इथे मला आमच्या कॉलेजजवळची वडापावची गाडी आठवली. फ्लायओव्हरच्या कामात रस्ता बंद झाला. दोन वर्षांनी रस्ता उघडला तेव्हा गाडी नव्हती. आम्ही फ्लायओव्हरवरून भुर्र्कन गेलो, दोन दिवस हळहळलो, झालं. काम चालू असताना वळसा घालून एक वडापाव खायला किती जण गेलो होतो? मी तर नाही.

१० जानेवारी २००९ला, शपथविधीला दहा दिवस असताना, बराक ओबामा इथे हाफ-स्मोक खायला आले. जगभर फोटो झळकले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेन अली गेले. पण मेट्रोबरोबर भाडीही चढली होती, आणि जुने शेजारी बरेचसे पांगले होते. खड्ड्यातून दुकान वाचलं, मोहल्ला तेवढा वाचला नाही.

म्हणून मला हे दुकान नुसतं 'रेट्रो' म्हणवत नाही. जुनं दिसणं सोपं आहे, चार फोटो आणि लाल स्टुलं आणली की झालं. जुनं होईपर्यंत टिकणं अवघड, आणि ते एकट्या दुकानदाराच्या हातात नसतं.

असो. तुमच्या गल्लीतही सध्या काहीतरी खणत असतीलच. या रविवारी जरा वळसा घालून जा.