चाळीस रुपयांचे पाणी आणि लाखाची किडनी

मार्च १९२७ मध्ये महाडला परिषद भरली. हजारो माणसे जमणार, त्यांना प्यायला पाणी लागणार. गावात चवदार तळे होते, पण ते अस्पृश्यांसाठी नव्हते. म्हणून परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. वास्तविक १९२३ मध्येच मुंबई कायदेमंडळाने बोले यांचा ठराव मंजूर केला होता. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले होते, फक्त कागदावर! २० मार्चला बाबासाहेब तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. कागदावरचा हक्क त्या दिवशी हातात आला.

हा इतिहास आम्ही आज संग्रामपूर तालुक्यासाठी सांगतो आहोत. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात इथली कित्येक गावे येतात. विहिरीचे, बोअरचे पाणी खारे. किडनीचे रुग्ण गावोगावी, आणि लोक त्याचा संबंध या पाण्याशी जोडतात. वान धरणावरून १४० गावांची पाणीपुरवठा योजना आखावी लागली, यातच पाण्याच्या दर्जाची कबुली आहे.

घरातला कर्ता माणूस डायलिसिसवर गेला की आधी दागिने जातात, मग शेत जाते. शेवटी पावतीपुस्तक निघते. जयंतीची वर्गणी देणारे तेच शेतमजूर, तेच शिक्षक इथेही खिशात हात घालतात. या वर्गणीची आम्हाला लाज नाही, अभिमान आहे. चळवळ लोकांच्या पैशावर उभी राहिली. पण हिशेब मांडून पाहा. ऑपरेशनचा खर्च एकदाचा. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून लागणारी औषधे मात्र जन्मभराची. दर महिन्याला कोणते गाव वर्गणी काढणार?

भारतात पहिले यशस्वी किडनी प्रत्यारोपण १९७१ मध्ये वेल्लोरला झाले. पुढे गरिबांच्या किडन्यांचा बाजार मांडला गेला, म्हणून १९९४ चा कायदा आला आणि अवयवांची खरेदी-विक्री गुन्हा ठरली. गरिबाने किडनी विकू नये, हे कायद्याने सांगितले. पण गरिबाला किडनी बसवायची कोणी, याचे उत्तर अजून अर्धवट आहे. घरात किडनी देणारी बहुतेक वेळा आई किंवा बायको असते. तिच्या पुढच्या तपासण्यांचा विचार तर वर्गणीतही होत नाही.

बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना अडारकर समितीने आखली. त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा आला. तत्त्व सरळ होते: आजारी माणूस दयेचा विषय नाही, हक्काचा धनी आहे. शेतमजूर मात्र त्या छत्राबाहेरच राहिला. संविधानाचे ४७ वे कलम सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य मानते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाख होती, ती २०२३ मध्ये साडेचार लाख करण्याचा निर्णय झाला. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ कक खाली धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या आहेत.

पण हेही बोले ठरावासारखेच आहे. मागणारा उभा राहिला नाही, तर कागद कागदच राहतो.

मग वर्गणी बंद करायची का? मुळीच नाही. रुग्ण ठराव होईपर्यंत थांबू शकत नाही. पण प्रत्येक पावतीपुस्तकाबरोबर एक अर्जाची फाईलही निघाली पाहिजे: उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, फुले योजनेचा अर्ज, धर्मादाय खाटेची लेखी मागणी, मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज. शिकलेल्या पोरांनी रुग्णासोबत जावे आणि नकार मिळाला तर तो लेखी घ्यावा. आणि गावाच्या नळाला गोडे पाणी रोज येते का, हा प्रश्न ग्रामसभेत विचारावा.

महाडला आपण दुसऱ्या चाळीस रुपयांची वर्गणी काढली नाही. तळ्यावर गेलो.

जय भीम!